मुरळीचं लग्न

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळजण जेजुरीला जाऊन आले असतील. घरी लग्न झालं की खंडोबाचं जागरण घालायचं, वाघ्या-मुरळीनं रात्रभर गायचं, हेही आपल्या ओळखीचं आहे. त्या गाण्याशी माझं भांडण नाही. ती कला आहे. मी सांगणार आहे ते त्या गाण्यामागच्या एका जुन्या चालीविषयी आणि ती मोडायला निघालेल्या माणसांविषयी.

मूल होत नसलं की नवस बोलत : देवा, पहिलं मूल तुझं. मुलगा झाला तर वाघ्या, मुलगी झाली तर मुरळी. मुलगी जाणती व्हायच्या आत तिचं देवाशी लग्न लावत, भंडारा उधळत, गळ्यात कवड्यांची माळ घालत. झालं! आता ती देवाची बायको. माणसाशी लग्न करायची तिला बंदी. पण पोट तर देवाच्या बायकोलाही असतंच. नवरा नाही, जमीन नाही, गावात मान नाही. अशा पोरीला मुंबईला नेणारा दलाल किंवा कुंटीण भेटायला वेळ लागत नसे. कामाठीपुऱ्यातल्या कोठ्यांची एक वाट अशी देवळाच्या पायरीवरून जात होती.

कायदा नव्हता असं नाही. 1860 च्या दंडसंहितेत 372 आणि 373 ही कलमं होती. अल्पवयीन मुलगी वेश्याव्यवसायासाठी विकणं किंवा विकत घेणं हा गुन्हा, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. पण इथं आईबापांनी मुलगी विकलेली नव्हती, देवाला वाहिलेली होती! नवसाच्या आड कायद्याचा हात क्वचितच पोचे.

पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी हे नेमकं ओळखलं. महार समाजातला हा कार्यकर्ता. 1902 साली त्यांनी जेजुरीजवळच सासवडला समाजाची सभा भरवली होती. जुलै 1908 मध्ये त्यांनी ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक सुरू केलं आणि त्यातून मुरळ्या सोडण्याच्या चालीवर लिहायला लागले. बरं, हे लिहिणं कुणा परक्याला उद्देशून नव्हतं. आपल्याच घरच्या नवसांवर टीका करायची होती, आणि ते फार अवघड असतं.

त्यांच्या आवाहनाला एका मुरळीनं पत्रानं उत्तर दिलं. शिवूबाई लक्ष्मण जाधव तिचं नाव. कांबळ्यांनी ते पत्र छापलं. त्या काळात मुरळीविषयी बोलणारे सुधारक होते. कर्मवीर विठ्ठल रामजी शिंदे यांनीही हा प्रश्न हाती घेतला होता. पण मुरळी स्वतः, आपल्या नावानिशी, छापील पानावर बोलते आहे, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

पुढं प्रश्न उरला तो सोपा आणि तितकाच बिकट : धंदा सोडून या बाईनं जायचं कुठं? सभेत ठराव करणारे पुष्कळ निघतात, पण तिला घरात घेणार कोण? कांबळ्यांचे एक सहकारी गणपतराव हणमंतराव गायकवाड पुढं आले आणि 1909 च्या सुमारास त्यांनी शिवूबाईंशी लग्न केलं. मुरळीला नवरा करता येत नाही या एका समजुतीवर सगळा बाजार उभा होता. तिलाच या लग्नानं छेद दिला.

शिक्षकमित्रहो, इतिहास शिकवताना आपण कायद्याचं वर्ष फळ्यावर लिहितो. हेही वर्ष लिहा : 1934, मुंबई प्रांताचा देवदासी संरक्षण कायदा. मुलगी देवाला वाहणं त्यानं बेकायदा ठरवलं, आणि वाहिलेल्या बाईनं लग्न केलं तर ते वैध, तिची मुलं औरस, असंही त्यात म्हटलं. म्हणजे गायकवाडांनी घरात जे केलं ते सरकारच्या पुस्तकात यायला पंचवीस वर्षं लागली.

1936 च्या जूनमध्ये मुंबईत, परळच्या दामोदर हॉलमध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर कामाठीपुऱ्यातल्या मुरळ्या, जोगतिणी, देवदासी यांच्यासमोर बोलले. त्यांनी गोड बोलून समजूत घातली नाही. हे जिणं सोडा आणि संसार करा, असं स्पष्ट सांगितलं. त्यांचे शब्द आजच्या वाचकाला कठोर वाटतील, मलाही वाटतात. पण त्या बायकांना टाळून जाणाऱ्या पुढाऱ्यांपेक्षा समोर उभं राहून बोलणारा हा पुढारी वेगळा होता.

पुढं राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमानं माणसांच्या व्यापाराला बंदी घातली. 1956 साली देशभरासाठी अनैतिक व्यापाराविरुद्धचा कायदा झाला. 1986 मध्ये तो सुधारला. तरी नवस थांबले नव्हते. कोल्हापूरकडच्या मुली सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिल्या जात, आणि 1956 नंतर सौंदत्ती दुसऱ्या राज्यात गेलेली. 1975 साली गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली, तेव्हा त्या बायका व्यासपीठापुढं बसून आपली गाऱ्हाणी मांडत होत्या. कर्नाटकाचा कायदा 1982 चा. महाराष्ट्रानं देवदासी प्रथा निर्मूलनाचा नवा कायदा केला तो 2005 साली, पहिल्या कायद्यानंतर 71 वर्षांनी.