लहान कॅमेऱ्यांचा संग्रह

वाशीम हें प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती, हें आज इतिहासग्रंथांत सहज वाचावयास मिळतें. परंतु १९३९ सालापर्यंत ही शाखा विद्वानांनाहि ठाऊक नव्हती. त्या वर्षीं वाशीम येथें दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडांत आला आणि एका राजकुलाला इतिहासांत जागा मिळाली. ताम्रपटासारख्या भारदस्त वस्तूचें महत्त्व कोणीहि मान्य करील. परंतु जुन्या ट्रंकेच्या तळाशीं धूळ खात पडलेला, तळहातावर मावणारा फिल्मचा कॅमेरा हेंहि इतिहासाचें साधन आहे असें म्हटल्यास पुष्कळांच्या भुवया वर चढतील. जगांतील संग्राहकांनीं हीं यंत्रें जपावयास घेतलीं, त्याला मात्र बराच काळ लोटला आहे.

छायाचित्रणकला मुंबईंत फार लौकर आली. १८५४ सालींच तेथें फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिचे नांवाजलेले सभासद होते. मात्र त्या काळचा कॅमेरा म्हणजे तिपाईवर चढविलेली लांकडी पेटी. तिच्या सरंजामाला पैसा, सवड आणि नोकरचाकर हीं तिन्ही हवींत. १८८८ सालीं अमेरिकेंत जॉर्ज ईस्टमन यानें शंभर चित्रांची गुंडाळी भरलेला कोडॅक विकावयास काढला. चित्रें संपलीं कीं कॅमेराच कारखान्याकडे धाडावयाचा. १९०० सालीं एक डॉलर किंमतीचा ब्राउनी आला, आणि १९१२ सालीं मिटला असतां खिशांत राहणारा व्हेस्ट पॉकेट कोडॅक.

खरी क्रांति केली ती जर्मनींतील वेट्झलार गांवच्या एका दमेकरी कारागिरानें. ऑस्कर बार्नाक यास छायाचित्रणाचा नाद मोठा, पण कांचपट्ट्यांचें ओझें त्यास पेलेना. त्यानें चित्रपटाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घेतली, ती उभी न धांववितां आडवी धांवविली आणि २४ बाय ३६ मिलिमीटरांच्या चौकटींत चित्र बसविलें. पहिला नमुना १९१३-१४ च्या सुमारास सिद्ध झाला. महायुद्ध आडवें आलें, आणि लायका बाजारांत येण्यास १९२५ साल उजाडलें. १९५९ चा जपानी ऑलिंपस पेन, ३६ चित्रांच्या फिल्मवर ७२ चित्रें घेणारा, किंवा १९६६ चा जर्मन रोलाय ३५, हे सारे त्याच फिल्मचे वंशज.

मराठी मध्यमवर्गाच्या घरांत लायका क्वचितच शिरला. तेथें आला तो बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कंपनीनें आग्फाच्या परवान्यानें बनविलेला क्लिक थ्री. प्लॅस्टिकचें अंग, साधें भिंग, ऊन आणि ढग यांच्या खुणा, आणि १२० नंबरच्या गुंडाळीवर बारा चौकोनी चित्रें, एवढाच त्याचा संसार. पाठीवरील तांबड्या खिडकींतून कागदावरचा आंकडा पाहून गुंडाळी पुढें सरकवावयाची. विसर पडला तर मुंज आणि सहल एकाच चित्रांत यावयाचीं! बाराच चित्रें असल्यामुळें कोणतें घ्यावें आणि कोणतें सोडावें याचा घरांत खल होई. उटकमंड येथें १९६० सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीनें १९६७ पासून उत्पादन सुरू केलें आणि ‘इंदु’ नांवाची फिल्म बाजारांत आली. ती कंपनी आतां बंद पडली आहे.

भारतीय संग्राहकांत मुंबईचे वृत्तछायाचित्रकार दिलीश पारेख यांचें नांव अग्रभागीं येतें. त्यांच्या ४४२५ जुन्या कॅमेऱ्यांची नोंद गिनेसच्या विक्रमग्रंथांत झाली आहे. संख्या थोर खरी. पण मुंबईच्या चोरबाजारांत किंवा पुण्याच्या जुन्या बाजारांत उतरणाऱ्या नवख्यानें संख्येपेक्षां पारख शिकावी हें बरें, कारण सोव्हिएट रशियांत बनलेल्या फेड वा झोर्की कॅमेऱ्यावर लायकाचें नांव कोरून तो खपविण्याचा धंदा जगभर चालला आहे. क्लिक थ्रीची नक्कल मात्र कोणी करीत नाहीं. त्याला किंमत नाहीं म्हणूनच तो भंगारांत जातो, आणि लायका कपाटांत राहतो. शंभर वर्षांनंतर विदर्भांतील सामान्य घर कोणत्या यंत्रानें स्वतःकडे पाहत होतें असें कोणी विचारील, तेव्हां दाखवावयास लायका काय कामाचा?

जतनाचें काम सोपें नाहीं. वऱ्हाडचा उन्हाळा झडपांतील वंगण पातळ करतो, तें पसरून पात्यांवर चिकटतें. मागाहून पावसाळ्याची दमट हवा भिंगावर बुरशी चढविते. ही बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि वेळींच न पुसल्यास कांचेवरील लेप कायमचा खाते. चामड्याची पेटी दिसावयास देखणी, पण ओल धरून ठेवते. म्हणून कॅमेरा तींतून काढून कोरड्या, हवेशीर जागीं ठेवावा. घडीच्या कॅमेऱ्याच्या भात्याला बारीक भोंकें पडलीं आहेत कीं काय, तें अंधाऱ्या खोलींत आंत दिवा धरून पाहावें.

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट हाताच्या घाईची. घरांत जुना कॅमेरा सांपडला कीं पहिली उर्मि त्याची पाठ उघडण्याची असते, आणि आंत न धुतलेली फिल्म असल्यास ती त्याच क्षणीं नासते. फिल्मवर पडलेलें, अद्याप न उमटलेलें चित्र दशकानुदशकें टिकूं शकतें. उजेडापुढें मात्र क्षणभरहि टिकत नाहीं. म्हणून प्रथम तांबड्या खिडकींत आंकडा दिसतो कीं काय तें पाहावें. ३५ मिलिमीटरचा कॅमेरा असेल तर फिल्म परत गुंडाळण्याची कळ हलकेच फिरवावी. ताण लागला तर आंत फिल्म आहे असें समजून, तळाची कळ दाबून ती पूर्ण गुंडाळावी आणि मगच पाठ उघडावी. तशी गुंडाळी जुनी कृष्णधवल फिल्म धुणाऱ्या जाणकाराकडेच द्यावी, आणि तिच्याबरोबर कॅमेरा कोणाचा व कोणत्या गांवचा होता याची चिठ्ठी जोडावी.