तुरुंगाचा दाखला : सुटकेनंतरची दुसरी लढाई

१/ चंद्रपूरच्या तुरुंगाचे नाव निघाले की बाबुराव शेडमाके आठवतात. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी या गोंड वीराला तेथे फाशी देण्यात आले. तुरुंगातून जिवंत बाहेर पडलेल्यांचा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही. सुटकेनंतर अनेक वर्षांनी त्यांना एक विचित्र गोष्ट सिद्ध करावी लागली : ‘आम्ही खरोखर कैदी होतो.’

२/ १६ ऑगस्ट १९४२. नागपंचमीचा दिवस. तत्कालीन चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे मोर्चावर गोळीबार झाला आणि बालाजी रायपूरकर हुतात्मा झाले. संतप्त जमावाच्या हातून काही अधिकारी मारले गेले. पुढे लष्कर गावात शिरले, धरपकड झाली, खटले चालले. अनेकांना फाशीच्या व जन्मठेपेच्या शिक्षा सुनावण्यात आल्या. अनसूयाबाई काळे यांनी या कैद्यांचे प्राण वाचवण्यासाठी मोहीम उभारली आणि १९४५ मध्ये उरलेल्या फाशीच्या शिक्षा रद्द होऊन जन्मठेपेत बदलल्या.

३/ चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, त्यामुळे येथील बंदिवान प्रांतातील दूरदूरच्या तुरुंगांत विखुरले गेले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनाच पाहा. ऑगस्टअखेर अटक होऊन ते आधी नागपूरच्या व नंतर रायपूरच्या तुरुंगात राहिले आणि डिसेंबरच्या आरंभी सुटले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत चांदा मुंबई राज्यात आला, रायपूर मध्य प्रदेशात राहिले. आज ते छत्तीसगडात आहे. माणूस एका राज्यात, त्याच्या कैदेची नोंदवही दुसऱ्या राज्यात!

४/ स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९७२ मध्ये केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले : दरमहा २०० रुपये. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा होती ५,००० रुपये. १९८० मध्ये ही मर्यादा उठवण्यात आली आणि योजनेच्या नावात ‘सन्मान’ हा शब्द आला. गरजूंना दिलेले साहाय्य आता राष्ट्राने व्यक्त केलेली कृतज्ञता ठरले.

५/ मुख्य अट होती किमान सहा महिन्यांच्या कारावासाची. पुरावा म्हणून तुरुंगाचा अथवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा दाखला हवा. परकीय सत्तेने ज्या वहीत ‘गुन्हेगार’ म्हणून नाव लिहिले, त्याच वहीतील ओळ आता सन्मानाचा आधार बनली. वही वाळवीने खाल्ली असेल, हरवली असेल, तर?

६/ त्यावरचा उपाय म्हणजे सहबंदीचे प्रमाणपत्र. अभिलेख उपलब्ध नाहीत, असे राज्य सरकारने लिहून द्यायचे आणि अर्जदाराबरोबर त्याच तुरुंगात राहिलेल्या दोन स्वातंत्र्यसैनिकांनी साक्ष द्यायची. साक्षीदारांचा स्वतःचा किमान एक वर्षाचा कारावास सिद्ध झालेला असावा लागे. साक्षीदार आजी-माजी आमदार वा खासदार असल्यास एकच प्रमाणपत्र पुरे. एका बराकीत भाकर वाटून खाल्लेल्यांची ओळख अशा रीतीने सरकारी पुरावा झाली. परंतु सोबती आधीच वारला असेल, तर अर्जदाराच्या हाती काहीच उरत नसे.

७/ सहा महिन्यांची अट दिसते तितकी सरळ नव्हती. याच प्रांतात १९३० साली जंगल सत्याग्रह झाला. पुसदला लोकनायक अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडला. अशा कायदेभंगासाठी अनेकांना झालेल्या शिक्षा थोड्या महिन्यांच्या होत्या. तुकडोजी महाराजांचा कारावासही तीन महिन्यांहून किंचित अधिक. १९६८ मध्येच त्यांचे महानिर्वाण झाल्याने अर्जाचा प्रश्न आला नाही. पण ही मोजपट्टी लावली असती, तर तेही अपुरे ठरले असते. १ ऑगस्ट १९८० पासून महिला, अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती यांच्यासाठी ही अट तीन महिन्यांवर आली. वनप्रदेशातील आदिवासी स्वातंत्र्यसैनिकांसाठी ही सवलत मोलाची होती.

८/ १९८२ मध्ये चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. आता जंगलातल्या वृद्धाचे गाव एका जिल्ह्यात, जुने दप्तर दुसऱ्यात आणि तुरुंग कदाचित तिसऱ्याच राज्यात. दाव्यांची छाननी करून शिफारस करणाऱ्या जिल्हा गौरव समित्यांचे महत्त्व अशा ठिकाणी कळते. गावाची आठवण शासनाच्या भाषेत मांडणारा कोणीतरी लागतोच.

९/ न्यायालयांनीही दार थोडे रुंद केले. मुकुंदलाल भंडारी खटल्यात (१९९३) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, केवळ मुदतीनंतर आला म्हणून अर्ज नाकारता येणार नाही. गुरदयाल सिंग खटल्यात (२००१) स्पष्ट झाले की, फौजदारी खटल्याइतका कठोर पुरावा येथे मागू नये.

१०/ दार रुंद होताच खोटेही आत शिरले. बीड जिल्ह्यातील बोगस स्वातंत्र्यसैनिकांच्या प्रकरणांची चौकशी न्या. पालकर आयोगाला करावी लागली. कठोर अटींमुळे खरा माणूस वगळला जातो, सैल अटींमुळे तोतया घुसतो. कल्याणकारी योजनांपुढचा हा जुनाच पेच आहे.

११/ आता पुन्हा चिमूर. लष्कराने गावातील स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी, यासाठी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. परंतु त्या स्त्रिया तुरुंगात गेल्या नव्हत्या. त्यांच्याकडे दाखला नव्हता, सहबंदी नव्हते आणि त्यांनी सोसलेल्या अत्याचारासाठी योजनेत वेगळा रकानाही नव्हता. कैदेचे दिवस मोजता आले. घरात घडलेला अत्याचार मोजला गेला नाही.

१२/ आज कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला व अनुसूचित जमातीच्या प्रत्येक नागरिकाला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क दिला आहे. तरीही तुरुंगातून सुटलेल्या माणसाला हक्क मागताना कागदच दाखवावे लागतात. १९७२ नंतर बराकीतले जुने सोबती एकमेकांचे कागद झाले होते. ज्याला असा सोबती नाही, त्याच्यासाठी ते काम कोणी करायचे, हा प्रश्न त्या वृद्धांबरोबर संपलेला नाही.