सुटका केलेल्या सरीसृपांचे पुनर्वसन (ठाणे परिसर)

ठाणे शहर, वागळे इस्टेट आणि कल्याण-डोंबिवली या भागांतील मानवी वस्तीतून सोडवलेले साप, घोरपडी, कासवे इत्यादी सरपटणारे प्राणी योग्य अधिवासात किंवा योग्य देखभालीखाली पोहोचवण्याच्या कार्यास सरीसृप पुनर्वसन असे म्हणतात. कुत्र्या-मांजरांसाठी भरतात तसे दत्तक मेळावे या प्राण्यांसाठी भरवता येत नाहीत. त्यामुळे सुटकेनंतर प्राणी कोठे जाणार, हा या क्षेत्रातील सर्वांत अवघड प्रश्न ठरतो.

परिसर

वागळे इस्टेट ही महाराष्ट्रातील सुरुवातीच्या नियोजित औद्योगिक वसाहतींपैकी एक होय. १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या कार्याचा आरंभ येथूनच झाला. वसाहतीच्या वायव्येस येऊरचे डोंगर असून ते सुमारे १०४ चौ. किमी क्षेत्राच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहेत. कारखान्यांची जुनी गोदामे, भंगाराचे ढीग, उघडी गटारे आणि त्यांतील उंदीर-घुशी यांमुळे धामण व नाग येथे सहज वावरतात. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले की साप बाहेर पडतात आणि सर्पमित्रांकडे येणाऱ्या दूरध्वनींची संख्या वाढते. घोणस, मण्यार, कवड्या, पाणदिवड, अजगर व घोरपड हेही जिल्ह्यात आढळतात. कवड्या बिनविषारी असूनही मण्यार समजून मारला जातो.

कायदेशीर स्थिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या कलम ३९ नुसार वन्य प्राणी ही शासनाची मालमत्ता आहे. असा प्राणी ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा प्राधिकृत अधिकाऱ्यास कळवणे बंधनकारक आहे. अधिनियमातील ‘शिकार’ या संज्ञेत प्राणी पकडणेही येते. म्हणून सर्पमित्राने साप पकडून घरी ठेवणे, त्याचे खेळ करणे किंवा तो इतरांस देणे हा गुन्हा ठरतो; हेतू चांगला असल्याने त्यात फरक पडत नाही. नाग, अजगर आणि घोरपड पहिल्या अनुसूचीत असून त्यांच्याबाबतच्या गुन्ह्यास किमान तीन व कमाल सात वर्षे कारावासाची तरतूद आहे.

‘दत्तक’ हा शब्द भारतीय प्राणिसंग्रहालयांच्या योजनांत वापरला जातो, मात्र तेथे त्याचा अर्थ ठरावीक काळासाठी प्राण्याच्या देखभालीचा खर्च उचलणे एवढाच असतो. प्राणी जागचा हलत नाही.

मुक्तता

निरोगी स्थानिक सापाची नोंद वन विभागाकडे करून तो शक्य तितक्या लवकर आणि सापडलेल्या ठिकाणाच्या जवळच्या अधिवासात सोडणे ही मान्य पद्धत आहे. सगळे साप येऊरच्या जंगलात नेऊन सोडावेत, हा लोकप्रिय उपाय सदोष आहे. साप आपल्या परिसरातील लपण्याच्या व भक्ष्याच्या जागा ओळखून असतो. दूर नेलेला साप अनोळखी प्रदेशात अधिक भटकतो आणि त्याच्या मृत्यूचा धोका वाढतो. शिवाय एकाच जागी वारंवार साप सोडल्याने रोगप्रसाराची भीती असते. डोंबिवलीत पकडलेला साप ठाण्यात सोडण्याची गरज सहसा नसते. उल्हास खोऱ्यातील माळ आणि मलंगगडाचा परिसर त्या बाजूला उपलब्ध आहे.

तारांकित कासवाचे प्रकरण वेगळे आहे. वायव्य भारत, दक्षिण भारताचा काही भाग आणि श्रीलंका येथील या कोरड्या प्रदेशातील कासवाची शुभ मानून तस्करी होते. ठाण्यात जप्त झालेले असे कासव येऊरमध्ये सोडता येत नाही. न्यायालयाची परवानगी, वैद्यकीय तपासणी आणि मूळ प्रदेशातील वन विभागाची संमती मिळेपर्यंत ते बंदिवासातच राहते.

विदेशी प्रजाती

घरोघरी ठेवणे शक्य असलेले प्राणी म्हणजे विदेशी सरीसृप, आणि खरी कोंडी त्यांचीच होते. लाल कानाचे कासव मूळचे अमेरिकेच्या मिसिसिपी खोऱ्यातील. नाण्याएवढे पिल्लू म्हणून विकत घेतलेले हे कासव २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि २० वर्षांहून अधिक जगते. काचेची पेटी अपुरी पडू लागली की मालक ते जवळच्या तलावात सोडून देतो. तलावांचे शहर म्हणवणाऱ्या ठाण्यात रायलादेवीसारखी ठिकाणे त्यासाठी हाताशीच असतात. सोडणाऱ्यास ते पुण्यकर्म वाटत असले, तरी ही प्रजाती जगातील शंभर अत्यंत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत असून स्थानिक कासवांशी अन्न व जागेसाठी स्पर्धा करते.

बॉल अजगर व हिरवा इग्वाना यांसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापार करारातील प्रजातींचा समावेश २०२२ च्या दुरुस्तीने चौथ्या अनुसूचीत झाला. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते आणि हस्तांतरणाचीही नोंद होते. त्यामुळे नवे पालक शोधताना कागदपत्रे आधी तपासावी लागतात. बेवारस सापडलेल्या प्राण्याची कागदपत्रे नसतातच.

जनजागृती

दत्तक मेळावा शक्य नसल्याने लोकांपर्यंत पोहोचण्याचा भर व्याख्याने व चित्रप्रदर्शनांवर असतो. जिवंत साप हाताळून दाखवणे बेकायदेशीर आहे. छायाचित्रे, प्रतिकृती आणि कात यांवर भागवावे लागते. नागपंचमी, १६ जुलैचा जागतिक सर्प दिन आणि २ ते ८ ऑक्टोबरचा वन्यजीव सप्ताह हे ठरलेले प्रसंग होत. शाळा, गृहनिर्माण संस्थांची सभागृहे आणि गणेशोत्सवाचे मंडप या सोयीच्या जागा असल्या, तरी वागळे इस्टेटसारख्या वसाहतीत कारखान्यांतील सुरक्षा सप्ताह अधिक उपयोगी पडतो, कारण सापाशी पहिली गाठ बहुधा रात्रपाळीच्या कामगाराची किंवा सुरक्षारक्षकाची पडते. साप दिसल्यास अंतर राखून त्यावर नजर ठेवावी व वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. दंश झाल्यास मांत्रिकाकडे न जाता थेट रुग्णालय गाठावे, अशा सूचना तेथे दिल्या जातात.

कायमस्वरूपी सर्पोद्यानासाठी ठाणेकरांना पुण्याचा रस्ता धरावा लागतो. नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने कात्रज येथे १९८६ मध्ये सुरू झालेले सर्पोद्यान पुढे राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाचा भाग झाले.