आदिपुराणाखालची कादंबरी



गेल्या महिन्यात आमच्या महिला मंडळाचं कपाट आवरायला काढलं. बस्तीच्या मागच्या खोलीतलं ते लोखंडी कपाट. वरच्या तीन खणांत ग्रंथ आणि खालच्या खणात आपापल्या घरून आणून ठेवलेली पुस्तकं, म्हणजे कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, जुने दिवाळी अंक. आवरता आवरता एकीने विषय काढला की धर्मस्थानात प्रेमाच्या कादंबऱ्या कशाला? ही तर विकथा. सगळ्या रद्दीत द्याव्यात. बऱ्याच जणींचे हात वर झाले. मी हात वर केला नाही, पण तोंडही उघडलं नाही. अंतिम ठरवायचं पुढच्या बैठकीत, असं म्हणून आम्ही घरी आलो. त्या खणात चौदा कादंबऱ्या आहेत आणि त्यांतल्या नऊ माझ्या आहेत, हे तिथे कुणाला माहीत नाही. म्हणजे आतापर्यंत नव्हतं.

बी.कॉम. होऊन घरीच बसले, तरी हिशेबाची खोड गेली नाही. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद मी वहीत करते. डाव्या पानावर तारीख आणि नाव, उजव्या पानावर दोन ओळींचा शेरा. गेल्या पाडव्यापासून त्रेचाळीस पुस्तकं झाली, त्यांतल्या सतरा प्रेमकथा. अगदी आजकालच्या. ऑफिसात काम करणारी मुलगी, दुसऱ्या शहरातला मुलगा, मध्ये एक गैरसमज आणि शेवटी लग्न. नात टॅबवर काढून देते. उरलेल्यांत इरावतीबाईंचं ‘युगांत’ तिसऱ्यांदा, ‘स्मृतिचित्रे’ कितव्यांदा ते मोजलं नाही, ‘रत्नकरंड श्रावकाचार’, आणि मुलाच्या टेबलावर सापडलेलं जीएसटीवरचं एक जाडजूड पुस्तक. तेही पूर्ण वाचलं.

ही सवय लग्नाआधीची. कॉलेजात असताना सांगलीत महिन्याच्या वर्गणीवर पुस्तकं मिळायची. मैत्रिणीच्या ओढणीखालून ‘मिल्स अँड बून’ फिरायचं. ही लंडनची कंपनी १९०८ साली निघाली, आणि सुरुवातीला ती सगळ्याच प्रकारची पुस्तकं छापायची. जॅक लंडनची पुस्तकंसुद्धा तिने काढली होती. फक्त प्रेमकथांवर ती नंतर आली. मराठीत काकोडकरांच्या कादंबऱ्या होत्या, पण त्या घरी आणायची सोय नव्हती. १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातल्या त्यांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला होता. तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६९ साली कथा अश्लील नाही असा निकाल लागला. आमच्या वाड्यात मात्र तो निकाल कधी पोचला नाही.

लग्न होऊन आले ते मोठ्या घरात. सासूबाईंचा नेम कडक. अष्टमी-चतुर्दशी, रात्रीभोजन त्याग, रोजचा स्वाध्याय. एकदा उशीखाली त्यांना कादंबरी सापडली. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “अगं, आयुष्याचे दिवस मोजके असतात. विकथेत कशाला घालवतेस?” त्या दिवसापासून मी त्यांना दिसेल असं पुस्तक घरात ठेवलं नाही. पुस्तकं यायची थांबली नाहीत मात्र. दुकानातून येताना हे सायकलच्या पिशवीत, हिशेबाच्या वहीखाली, घेऊन यायचे. लायब्ररीत नाव ह्यांचं होतं. चाळीस वर्षांत स्वतः एकही कादंबरी न वाचलेला माणूस, पण लायब्ररीवाला त्यांना प्रेमकथांचा मोठा वाचक समजत असणार. मी एकदा म्हटलं, लोक काय म्हणतील? तर म्हणाले, “म्हणू देत. दुकानात कोण विचारतंय.” त्यांचं बोलणं एवढंच असायचं.

सासूबाई चुकीचं बोलल्या नव्हत्या. प्रमादाचे पंधरा प्रकार आपण पाठ केलेले आहेत: चार विकथा, चार कषाय, पाच इंद्रियं, निद्रा आणि स्नेह. त्या चार विकथांत पहिली स्त्रीकथा. पण दुसरी भोजनकथा आहे, मैत्रिणींनो. तिसरी राष्ट्रकथा आणि चौथी राजकथा. भोजनकथा सोडायची ठरवली तर आपल्या मंडळाचा अर्धा वेळ मोकळा होईल, आणि राजकथा सोडली तर रात्रीच्या बातम्या बंद. कपाटातून फक्त कादंबऱ्या जाणार आणि पाककृतींच्या सहा वह्या राहणार, हे मला हिशेबात बसेना.

म्हणून विकथा म्हणजे नेमकं काय ते मुळातून बघावं असं ठरवलं. माझ्याकडे आदिपुराणाची पं. पन्नालालजींच्या हिंदी अनुवादाची ज्ञानपीठाची प्रत आहे. आचार्य जिनसेनांनी पहिल्याच पर्वात कथा कशाला म्हणावं ते सांगितलं आहे. धर्म, अर्थ, काम या तिन्हींचं सांगणं म्हणजे कथा. त्यांत धर्माची ती सत्कथा. अर्थाची आणि कामाची कथासुद्धा कथाच, जर ती धर्माचं फळ म्हणून येत असेल तर. तसं नसेल तर तीच विकथा. म्हणजे आचार्य विषयावर काट मारत नाहीत, तो कशाशी जोडला आहे ते विचारतात.

आणि पुढे सहाव्या पर्वात ते स्वतःच एक प्रेमकथा सांगायला बसतात. आपण सगळ्या ती अर्धी जाणतो. दर अक्षय्य तृतीयेला तिचा शेवट आपण साजरा करतो, सुरुवात मात्र कुणी सांगत नाही.

ललितांग नावाचा देव आणि त्याची स्वयंप्रभा. त्याचं आयुष्य आधी संपतं. ती मागे राहते सहा महिने, आणि ते सहा महिने जिनपूजेत काढते. हे वाक्य मी पूर्वीही वाचलं असेन. हे गेल्यावर, सहा वर्षांपूर्वी, पुन्हा वाचलं तेव्हा पुस्तक मांडीवर तसंच राहिलं.

मग ती पुंडरीकिणी नगरीत वज्रदंत चक्रवर्तीची मुलगी श्रीमती होऊन जन्मते. एके दिवशी आकाशातून जाणारे देव बघून तिला मागचा जन्म आठवतो आणि ती बेशुद्ध पडते. शुद्धीवर आल्यावर बोलेना. शेवटी पंडिता नावाच्या दाईला मनातलं सांगते आणि एक चित्रपट तिच्या हाती देते. सिनेमा नव्हे हं, कापडावर काढलेलं चित्र. त्यात मागच्या जन्मीचे प्रसंग, आणि काही खुणा अशा की त्या फक्त त्यालाच कळाव्यात. पंडिता तो पट जिनमंदिरात नेऊन पसरते. लोक येतात, बघतात. राजकन्येच्या आशेने ‘तो मीच’ म्हणणारेही निघतात, पण पंडिता खुणा विचारते आणि ते खाली मान घालून जातात. मग उत्पलखेटचा राजपुत्र वज्रजंघ येतो, चित्र बघतो आणि त्यालाही मूर्च्छा येते. श्वेतांबर परंपरेतल्या तरंगवतीच्या गोष्टीतही असाच पट आहे, तिथे मागचा जन्म चक्रवाक पक्ष्यांचा.

त्यांचं लग्न होतं. शृंगाराचं वर्णन आचार्यांनी हात राखून केलेलं नाही, हेही सांगते. श्रीमतीच्या रूपाचे श्लोकांमागून श्लोक आहेत. आमच्या स्वाध्यायात ती पानं पटकन उलटतात. माझ्या सतरांपैकी निम्म्या कादंबऱ्या त्यापुढे सोवळ्या ठरतील.

आजची कादंबरी लग्नाशी संपते. आदिपुराण तिथे थांबत नाही. प्रवासात रानात मुक्काम पडलेला असताना दोन चारण मुनी येतात आणि वज्रजंघ-श्रीमती त्यांना आहार देतात. पुढे एका रात्री शयनगृहात धूप जळत असतो, खिडक्या उघडायचं नोकर विसरतात, आणि धुराने गुदमरून दोघं एकदमच जातात. आहारदानाचं फळ म्हणून भोगभूमीत जन्म, मग आणखी जन्म. शेवटी वज्रजंघ होतात भगवान ऋषभदेव. आणि श्रीमती होते हस्तिनापूरचा राजा श्रेयांस. दीक्षेनंतर भगवंतांना विधिपूर्वक आहार कसा द्यावा हे कुणालाच ठाऊक नाही, लोक रत्नं आणि वाहनं पुढे करतात. श्रेयांसाला त्यांना पाहताच आठवतं, रानात त्या मुनींना आपण दोघांनी कसा आहार दिला होता ते. मग उसाचा रस. आपण वैशाखात तो रस वाटतो, तो श्रीमतीच्या आठवणीतून आलेला आहे.

हे लिहिणारे आचार्य वाचत काय असतील? नवव्या शतकातले, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातले, सर्वस्व सोडलेले दिगंबर मुनी. गुरू वीरसेनांनी अर्धवट ठेवलेली जयधवला टीका त्यांनी शके ७५९ मध्ये, म्हणजे इ. स. ८३७ साली पूर्ण केली. साठ हजार श्लोकप्रमाणातलं चाळीस हजार त्यांचं. कर्मसिद्धांताचा इतका कठीण ग्रंथ आपल्यापैकी कुणी शेवटपर्यंत वाचला असेल असं वाटत नाही. त्याच हाताने त्यांनी ‘पार्श्वाभ्युदय’ लिहिलं. कालिदासाच्या मेघदूतातली एकेक, कुठे दोन-दोन ओळी घेऊन, उरलेल्या ओळी स्वतःच्या घालून, ३६४ श्लोकांत पार्श्वनाथांवरच्या उपसर्गाची कथा. संपूर्ण मेघदूत त्यात विणलेलं आहे. बायकोच्या विरहात ढगाशी बोलणाऱ्या यक्षाचं काव्य, आणि आचार्यांना ते ओळीनओळ माहीत! पुण्याच्या का. बा. पाठकांनी १८९४ मध्ये मेघदूताची आवृत्ती काढली ती याच पार्श्वाभ्युदयाच्या आधारे, कारण मेघदूताचा इतका जुना पाठ तिथे जपला गेला होता.

आपल्या भागातलंही उदाहरण आहे. डॉ. आ. ने. उपाध्ये सदलग्याचे, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवायचे. प्रवचनसाराची त्यांची आवृत्ती १९३५ ची, परमात्मप्रकाशाची १९३७ ची. आणि १९४९ मध्ये त्यांनी संपादन केलं ‘लीलावई’चं. ही प्राकृतातली सरळ प्रेमकथा, आपल्या पैठणचा राजा हाल आणि सिंहलची राजकन्या लीलावती यांची. चांदण्या रात्री कवीला त्याची बायको गोष्ट सांग म्हणते आणि तो सांगतो, अशी सुरुवात. कुंदकुंदांची गाथा आणि ही चांदण्यातली गोष्ट, दोन्हींतले पाठभेद एकाच माणसाने त्याच बारकाईने तपासले.

मी हे सगळं एका मैत्रिणीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “आचार्यांना पचलं ते तुला पचेल का?” प्रश्न बरोबर आहे. दशलक्षणात मी कादंबरी उघडत नाही, पण एरवीचं सांगते. मागच्या हिवाळ्यात एक कादंबरी शेवटाला आली होती म्हणून माझं संध्याकाळचं सामायिक बुडालं. वहीत उजव्या पानावर शेरा लिहिलाय: “विकथा”. ते पुस्तक वाईट नव्हतं. त्या दिवशी मी त्याला तसं केलं. बाकीच्या सोळांपुढे तो शब्द नाही. काहींपुढे “फुकट वेळ” आहे. एकीपुढे “हा मुलगा बोलतो” असं आहे. ते का लिहिलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही, पण ज्यांचे यजमान कमी बोलायचे त्यांना कळेल.

या कथांत माझी खरी तक्रार आहे ती शिल्लक पुढे न ओढण्याची. लग्न झालं की खातं बंद. त्यानंतरची चाळीस वर्षं, सासूबाईंचं आजारपण, सायकलच्या पिशवीतली पुस्तकं, मग एकटीचा सकाळचा चहा, यातलं काही त्यांत येत नाही. श्रीमतीच्या गोष्टीत ते पुढच्या पानावर येतं, आणि त्याच्याही पुढच्या.

पुढची बैठक रविवारी, दर्शनानंतर आहे. कादंबऱ्या रद्दीत घालायच्या ठरल्या तर माझ्या नऊ मी घरी घेऊन येईन, मोठी पिशवी नेणारच आहे. अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या आठवड्यात रोज तासभर आदिपुराणातलं सहावं ते नववं पर्व आणि शेवटी विसाव्यातला आहाराचा प्रसंग वाचावा, असं मी तिथे सुचवणार आहे. पानं न उलटता. प्रत माझ्याकडे एकच आहे आणि तिची बांधणी सुटत आली आहे. कुणाच्या घरी दुसरी असेल तर तेवढी घेऊन या.