क्रिस्तपुराणाचा उगम

फादर टॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक इ. स. १५७९ मध्यें गोव्यास आले आणि पुढें साष्टी प्रांतांत राहून त्यांनीं लोकभाषा आत्मसात केली. तेथें देवळें पाडलीं गेलीं होतीं. जुन्या पुराणांचें श्रवणही बंद पडलें होतें.

क्रिस्तपुराणाच्या आरंभींच एक प्रसंग आहे. मुलांचें धर्मशिक्षण चाललें असतां एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीस विनवितो कीं, आमचीं पुराणें आपण बंद केलींत, तर त्यांच्या जागीं दुसरें एखादें द्यावें. ज्यानें पोकळी पाडली त्याच्याचकडे हें मागणें होतें. पण तें मन लावून ऐकलें गेलें, हें विशेष. त्यांतून सुमारें अकरा हजार मराठी ओव्या सिद्ध झाल्या व १६१६ सालीं साष्टींतील रायतूर (राचोल) येथें ग्रंथ छापला गेला.

छपाई मात्र रोमन लिपींत झाली. देशी अक्षरांत ग्रंथ छापण्याविषयीं स्टीफन्स यांनीं १६०८ मध्येंच रोमला लिहिलें होतें. तें साधलें नाहीं. मराठी काव्य, पण घाटावरच्या मराठी वाचकास तें वाचतां येईना! शांताराम बंडेलू यांनीं संपादिलेली देवनागरी आवृत्ति पुण्यास निघाली ती १९५६ सालीं. मंगळूरकडे जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं मात्र तें गाऊन जपलें होतें. १९०७ चें पुनर्मुद्रणही मंगळूरासच झालें.