डॉक्टर पिकल्स यांचा तक्ता

वर्गातल्या एका मुलाला कांजिण्या येतात. तो घरी राहतो. पुढचे दहा-बारा दिवस वर्गात सगळे ठीक असते. साथ टळली, असे आपल्याला वाटू लागते. आणि मग एकाच आठवड्यात चार-पाच मुले गैरहजर! शिक्षकांना हा अनुभव नवा नाही. जंतू शरीरात शिरल्यापासून आजाराची पहिली लक्षणे दिसेपर्यंत जो काळ जातो त्याला परिपाककाळ म्हणतात. कांजिण्यांचा परिपाककाळ १० ते २१ दिवसांचा, बहुधा दोन आठवड्यांच्या आसपास असतो. असे आकडे आपण मुलांना सांगतो, मुले ते पाठही करतात. पण हे आकडे मुळात कुणी शोधले आणि कसे? रोगी डॉक्टरांकडे येतो तो लक्षणे दिसल्यावर. जंतू शरीरात शिरला तो क्षण तर कुणीच पाहिलेला नसतो.

या प्रश्नावर मोलाचे काम केलेल्यांपैकी एक होते खेड्यातले साधे डॉक्टर. त्यांच्याकडे ना प्रयोगशाळा होती, ना विद्यापीठातले पद. होते ते फक्त रोगी, आणि रोज नोंद करण्याची सवय.

विल्यम नॉर्मन पिकल्स यांचा जन्म १८८५ साली इंग्लंडमधील लीड्स शहरात झाला. वडीलही डॉक्टर होते. लीड्समध्येच वैद्यकीय शिक्षण घेतल्यानंतर, पहिले महायुद्ध सुरू होण्यापूर्वी, ते यॉर्कशर परगण्यातल्या वेन्स्लीडेल नावाच्या दरीत, एस्गार्थ या गावी आले. युद्धकाळात नौदलात काढलेली वर्षे सोडली तर १९६४ साली निवृत्त होईपर्यंत ते तिथेच राहिले. तेव्हा त्यांनी वयाची पंचाहत्तरी ओलांडली होती.

या दरीतून यूर नदी वाहते. दोन्ही बाजूंना डोंगर, उतारावर चरणाऱ्या मेंढ्या, आणि मैल-दोन मैलांच्या अंतराने वसलेली छोटी गावे. लोक शेतकरी आणि गवळी. बाहेरची वर्दळ बेताचीच. डॉक्टर सुरुवातीला घोड्यावरून आणि सायकलवरून, पुढे मोटारीने या गावांतून हिंडत. कोण कुणाकडे कामाला आहे, कोणती मुले कोणत्या शाळेत जातात, रविवारी कोण कुणाकडे जेवायला गेले होते, हे सारे त्यांना ठाऊक असे. दरीतल्या जवळजवळ प्रत्येक माणसाला ते आणि त्यांच्या पत्नी नावाने ओळखत.

अशी ओळख पुष्कळ जुन्या डॉक्टरांना असे. आपण त्यांच्या आठवणी काढतो तेव्हा या ओळखीचे कौतुक ‘माणुसकी’ म्हणून करतो, आणि ते बरोबरच आहे. पिकल्स यांचे वेगळेपण असे की, ही ओळख म्हणजे विज्ञानाचे साधनही आहे हे त्यांच्या ध्यानात आले.

त्याची चुणूक त्यांना सुरुवातीच्या काळातच मिळाली होती. उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी एका फिरस्त्या कुटुंबाची गाडी गावात आली. गाडीत नवरा आजारी होता आणि बायको गावच्या नादुरुस्त पंपावर मळके कपडे धूत होती. त्यानंतर गावात विषमज्वराची साथ पसरली. शहरात अशी घटना गर्दीत हरवून गेली असती. इथे मात्र साथीचे मूळ थेट नजरेसमोर होते.

पुढे १९२६ साली त्यांच्या वाचनात सर जेम्स मॅकेंझी यांचे हृदयविकारावरचे पुस्तक आले. मॅकेंझी बर्नली या गिरणगावात अनेक वर्षे साधी डॉक्टरकी करत होते, आणि रोज येणाऱ्या रोग्यांच्या नाडीच्या नोंदींतूनच त्यांनी हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा अभ्यास उभा केला होता. आपल्या रोजच्या कामातूनही संशोधन होऊ शकते, हा विश्वास पिकल्स यांना त्या पुस्तकाने दिला.

संधी चालून आली १९२९ साली. दरीत काविळीची साथ आली. सुमारे ५,७०० वस्तीत २५० जणांना, म्हणजे साधारण तेविसात एकाला कावीळ झाली. ही कावीळ कशाने होते हे तेव्हा ठाऊक नव्हते, आणि ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते का याविषयीही डॉक्टरांत एकमत नव्हते. पिकल्स प्रत्येक रोग्याला विचारू लागले : आजारी पडण्याआधी तुम्ही कुणाला भेटला होता? कुठे? कधी?

एक उदाहरण पुढे प्रसिद्ध झाले. एका मुलीला त्यांनी सकाळी काविळीने अंथरुणात पडलेली पाहिले होते. ती त्या दिवशी उठेल असे त्यांच्या स्वप्नातही आले नव्हते. पण दुपारी ती गावच्या जत्रेत हजर! तिथे तिच्या सहवासात आलेल्यांपैकी काही जण पुढे साधारण महिन्याभराने काविळीने आजारी पडले.

पिकल्स यांच्या पद्धतीची किल्ली या घटनेत आहे. दोन भाऊ एकाच घरात राहत असतील आणि एकापाठोपाठ आजारी पडले, तर दुसऱ्याला लागण नेमकी कोणत्या दिवशी झाली हे सांगता येणार नाही, कारण ते रोजच एकत्र असतात. शहरात तर अडचण आणखी मोठी, तिथे लागण कुणाकडून झाली हेही कळत नाही. पण दोन माणसे वेगवेगळ्या गावांत राहतात, त्यांची भेट एकदाच आणि थोडा वेळ झाली, आणि लागण होण्याची दुसरी वाट दिसत नाही, असे असेल तर लागणीची तारीख हाती येते. आजारपणाची तारीख डॉक्टरांच्या वहीत असतेच. मग उरते ती साधी वजाबाकी. अशा अनेक जोड्यांवरून पिकल्स यांनी काविळीचा परिपाककाळ २६ ते ३५ दिवस असल्याचे दाखवले. १९३० साली हा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला.

आज या प्रकारच्या काविळीला आपण ‘हेपटायटिस ए’ म्हणतो. तिचा विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दिसला तो १९७३ साली, पिकल्स यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. या आजाराचा सरासरी परिपाककाळ आज सुमारे २८ दिवस मानला जातो. विषाणू पाहण्याच्या चाळीसहून अधिक वर्षे आधी एका दरीत फिरून, विचारपूस करून मांडलेले गणित इतके जवळ आले होते!

१९३० नंतरच्या वर्षांत ही नोंद म्हणजे घरचा नित्यक्रम झाला. आलेखाच्या मोठ्या कागदावर एका बाजूला गावे, दुसऱ्या बाजूला तारखा, आणि प्रत्येक आजाराला वेगळी खूण. दिवसभराची माहिती डॉक्टर घरी आणत आणि पत्नी गर्ट्रूड व मुलगी पेशन्स तक्ता भरायला मदत करत. गोवर एका गावातून दुसऱ्या गावात कसा सरकतो, मध्ये किती दिवस जातात, हे त्या तक्त्यावर डोळ्यांना दिसे. छातीत आणि पोटात अचानक तीव्र कळा आणणाऱ्या ‘बॉर्नहोम रोगा’ची आपल्या भागातली साथही त्यांनी १९३३ साली नोंदवली. १९३९ साली या सगळ्या कामाचे छोटेसे पुस्तक निघाले आणि ते साथरोगशास्त्रात मान्यता पावले. १९५२ साली ब्रिटनमध्ये सामान्य डॉक्टरांचे स्वतंत्र महाविद्यालय स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष म्हणून एस्गार्थच्या या डॉक्टरांची निवड झाली.

या पद्धतीच्या मर्यादाही आपण लक्षात घ्यायला हव्यात. जंतू कोणता, हे तक्ता सांगू शकत नव्हता. रोग्यांची संख्या लहान होती. माणसांची आठवण चुकू शकते, आणि लक्षणे न दिसताही लागण पसरवणारा माणूस नोंदीतून निसटतो. काविळीवर द्यायला पिकल्स यांच्याकडे औषधही नव्हते. मग या आकड्यांचा उपयोग काय? उपयोग असा की, लागण झालेल्या घरावर किती दिवस लक्ष ठेवायचे आणि चिंता कधी सोडायची, हे सांगता येऊ लागले. २०२० साली कोविडच्या साथीत १४ दिवसांचे विलगीकरण ठरले ते परिपाककाळाच्या अंदाजावरूनच. ‘तुम्ही कुणाला भेटला होता?’ हा प्रश्न तेव्हा जगभर विचारला गेला.

भारतातही साथींवर देखरेख ठेवण्याचा एकात्मिक कार्यक्रम २००४ साली सुरू झाला. माहिती आता संगणकावर जाते आणि तिचा आवाका कितीतरी मोठा आहे. तरी पहिली नोंद कुणीतरी माणूसच करतो. ज्याला गाव ठाऊक असते, त्याच्या नोंदीत नुसता आकडा नसतो, दोन आकड्यांमधला धागाही असतो. घरचे डॉक्टर नाहीसे होतात तेव्हा आपण नुसता मायेचा माणूस गमावत नाही, हा धागाही गमावतो.

असा तक्ता वर्गातही करता येईल. हजेरीपट हे नोंदीचे उत्तम साधन आहे. सर्दी-तापाच्या दिवसांत दोन महिने एक आलेख ठेवा : आडव्या रेषेवर तारखा, उभ्या रेषेवर इयत्ता, आणि आजारपणामुळे गैरहजर असलेल्या प्रत्येक मुलासाठी एक चौकोन. नावे मात्र लिहू नका, नुसते चौकोन भरा. कुणामुळे आजार आला याची चर्चा वर्गात होता कामा नये. लागण होणे हा कुणाचा गुन्हा नव्हे. मग मुलांना विचारा : चौकोन सगळीकडे सारखे पसरले आहेत, की घोळक्याने येतात? दोन घोळक्यांमध्ये किती दिवस आहेत? भावंडे असलेल्या इयत्तांत काही नाते दिसते का? कदाचित काहीच स्पष्ट दिसणार नाही. पिकल्स यांच्या नोंदीही वर्षानुवर्षे चालल्या. त्यांनी तक्ता भरणे थांबवले नाही, एवढेच.