चारातला एक

आमच्या वेळी स्थिरविद्युत म्हणजे पाच मार्कांचा प्रश्न : 'कूलोंबचा नियम लिहून स्पष्ट करा.' नियम आठवला नाही तरी स्पष्टीकरण भरपूर करता येई. दोन पाने भरली की परीक्षकाला दया यायची.

ही दया 1915 च्या सुमारास कॅन्सासच्या फ्रेडरिक केलीला खटकली. एकाच पेपराला दोन मास्तर निरनिराळे मार्क देतात, म्हणून त्याने उत्तरेच छापून दिली. निवडा त्यातले एक!

माझी भाची डॉक्टर व्हायला निघालेली. परीक्षेचे नाव 'नीट'. आमच्या काळी ती नुसती सूचना असे. तिने विचारले, "कडीवर विद्युतभार पसरलाय. अक्षावर मध्यापासून x अंतरावर क्षेत्र किती?" मी कागद ओढला.

"मामा, मांडू नकोस, मार."

"कुणाला?"

"पर्यायांना! मध्यावर जा. समोरासमोरचे तुकडे एकमेकांना खोडतात, क्षेत्र शून्य. x शून्य घातल्यावर शून्य न देणारे दोन गेले. आता खूप लांब जा. लांबून कडी म्हणजे ठिपकाच. अंतर दुप्पट झालं की क्षेत्र पाव व्हायला हवं. तिसरा नुसताच निम्मा होतोय. गेला. उरला चौथा."

हे 'दुप्पट-पाव' कूलोंबने 1785 मध्ये तारेचा पीळ मोजून दाखवले. त्याआधी 1770 च्या दशकात कॅव्हेंडिशला ते सापडलेही होते. पण गड्याने छापलेच नाही. उत्तर बरोबर, गोल कोरा! फ्रँकलिनचे उलट. धन कुठले नि ऋण कुठले, त्याने ठोकून दिले. 1897 मध्ये इलेक्ट्रॉन सापडला तो ऋण निघाला. तेव्हापासून तारेत प्रवाह एकीकडे दाखवायचा नि इलेक्ट्रॉन धावतो दुसरीकडे. निगेटिव्ह मार्किंग नव्हते म्हणून फ्रँकलिन वाचला.

भाचीला मात्र ते होते. बरोबरला चार, चुकीला वजा एक. दोन पर्याय मारल्यावर दोन प्रश्नांत सरासरी एक लागतो, म्हणजे तीन मार्क हाती राहतात. हे गणित तिनेच मला शिकवलेले. पण पेपर देऊन आली ती गप्प.

"बारा सोडले, मामा. दोन-दोन पर्याय मारले होते. हात धजला नाही."

थोड्या मार्कांनी जागा हुकली. काय बोलावे सुचेना, म्हणून मी कॅव्हेंडिशची गोष्ट सांगितली.

"मग त्याच्या उत्तराचं काय झालं?"

"मॅक्सवेलने छापलं. 1879 मध्ये. शंभरावर वर्षांनी."

इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "मला एकच वर्ष थांबायचंय."